बातमी खरी मानणारा साक्षीदार

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक पक्का समज आहे. बदनामीचा दावा म्हणजे कोर्टात जायचं, 'माझ्याबद्दल खोटं छापलं हो' म्हणून ओरडायचं आणि जजसाहेबांनी टेबलावर हातोडा आपटायचा. पहिली गोष्ट, हातोडा नसतो. कल्याण कोर्टात मी पस्तीस वर्षं वकिली केली, एकदाही पाहिला नाही. दुसरी गोष्ट, खोटं छापलं एवढं पुरत नाही. त्या खोट्यामुळे चार लोकांच्या नजरेत तुमची किंमत उतरली, हेही दाखवावं लागतं. ते दाखवायला एखाद्या तिऱ्हाईत माणसाने पिंजऱ्यात उभं राहून म्हणावं लागतं, 'मी वाचलं, मला ते खरं वाटलं आणि माझं यांच्याबद्दलचं मत वाईट झालं.'

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं. माझी बहुतेक वकिली भाडेकरू, वारसाहक्क आणि बिल्डरांनी न दिलेले ताबे यांतच गेली. बदनामीचे दावे सगळे मिळून तीन चालवले. त्यातल्या दोन दाव्यांत दोन्ही बाजूंना बदनाम होण्याइतकं नावच नव्हतं. तिसऱ्याबद्दल लिहिते आहे.

दावा एका मुसलमान ट्रस्टचा होता. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, कारण 'मॅडम, पुन्हा छापील नाव नको' अशी मुनीर सरांची अट आहे. मुनीर सर म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी. कल्याणच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले. माझ्या नोटिशीतल्या चुका ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, ही कायदेशीर नोटीस आहे, निबंध नाही." तर म्हणाले, "म्हणूनच तर. निबंधात चूक झाली तर मार्क जातात, इथे घर जाईल."

ट्रस्टचं मुख्य काम डायलिसिस सेंटर. कल्याण स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, सहा मशीन, फुकट. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत त्यांना आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तास मशीनला लावून रक्त साफ करून घ्यावं लागतं, जन्मभर. तिथे येणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त हिंदू. हे सर कधी आपणहून सांगायचे नाहीत. मीच खटल्यात दहा वेळा सांगितलं.

आता बातमी. एका स्थानिक साप्ताहिकाने पहिल्या पानावर फोटो छापला. खाडीच्या चिखलात पंधरा-वीस पोरं पोटावर सरपटताहेत, तोंडाला फडकी बांधलेली, आणि मागे होडीत एक दाढीवाला काठीने काहीतरी दाखवतोय. वर मथळा, 'कोलशेतच्या खाडीत दहशतवादी ट्रेनिंग कॅम्प?' खाली ट्रस्टचं नाव आणि आखाती देशांतून पैसा येतो वगैरे मसाला. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह नीट बघा. ते वकिलाला विचारून टाकलेलं असतं. उद्या दावा झाला तर म्हणता येतं, 'आम्ही कुठे म्हटलं? आम्ही फक्त विचारलं.'

खरी हकिगत अशी होती. पावसाळ्यात कल्याणच्या आजूबाजूला पाणी भरलं की ट्रस्टची पोरं लोकांना बाहेर काढायला जायची. एका वर्षी त्यातला एक चिखलात कमरेपर्यंत रुतला, कसाबसा वाचला. तेव्हा कोलशेतच्या धर्मादादांनी त्यांना शिकवायचं मनावर घेतलं. धर्मादादा कोळी, जन्म खाडीत गेलेला, आणि ट्रस्टच्या सेंटरवर डायलिसिसचे पेशंट. खाडीच्या गाळात उभं राहिलं की माणूस जातो खाली. पोटावर आडवं पडायचं, अंगाचा भार पसरायचा आणि सरकत जायचं, हे कोळ्यांच्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. तेच ते शिकवत होते. फडकी बांधली होती ती गाळाच्या वासाने. आणि तो दाढीवाला मौलाना म्हणजे खुद्द धर्मादादा. आजारपणात दाढी करायचा कंटाळा. आखातातला पैसा म्हणजे सरांचा एक जुना विद्यार्थी, तिकडे हॉस्पिटलात नर्स आहे, पासपोर्ट भारतीय, त्याने एका मशीनसाठी पाठवलेली मदत. कायद्याने ती परदेशी देणगीसुद्धा होत नाही.

पण बातमी आली आणि आठवड्यात बँकेने खातं गोठवलं. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत. सर मॅनेजरकडे गेले. मॅनेजर चाळिशीचा, सभ्य, घाबरट. म्हणाला, "सर, माझं पर्सनली काही नाही. निगेटिव्ह न्यूज आली की आम्हाला प्रोसिजर फॉलो करावी लागते. पोलिसांचं लेटर आणा की चौकशी नाही, मी लगेच ओपन करतो." सर पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी चहा पाजला, रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यावर गुन्हाच दाखल नाही ना. मग गुन्हा नसल्याचं लेटर कुठल्या नमुन्यात देऊ? गुन्हा असता तर क्लीन चिट तरी देता आली असती." सर पुन्हा बँकेत. बँक म्हणाली, मग कोर्टाकडून बातमी खोटी ठरवून आणा. वर हायकोर्टात बँकेविरुद्धही जाता आलं असतं, पण तिथल्या वकिलाची फी ऐकून ट्रस्टी पाणी प्यायले आणि परत आले.

अशा रीतीने घोडं माझ्या दारात येऊन थांबलं. ट्रस्टच्या जागेचा करार तीन वर्षांपूर्वी मीच केलेला, म्हणून सर माझ्याकडेच आले. तीन दिवस ते बाहेरच्या बाकावर बसून गेले. चौथ्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं. तीन दिवस का लागले ते पुढे येईल.

दावा लावला. बातमी खोटी असल्याचं जाहीर व्हावं, पुन्हा छापायला मनाई व्हावी, खुलासा छापावा. आमच्याकडे दिवाणी दाव्यात साक्षीपर्यंत पोचायला मुलं पदवीधर होतात, पण जजसाहेबांना डायलिसिसचं गांभीर्य कळलं आणि वर्षभरात साक्षी लागल्या. तोवर सेंटर कसं चाललं म्हणाल, तर लोक पैशांऐवजी सामान आणायला लागले. कुणी सलाइनचे खोके, कुणी नळ्यांचे सेट, एका केटररने तर जनरेटरचं डिझेल. तरी सहा मशीनपैकी दोनच चालू राहिली. टेक्निशियन अर्ध्या पगारावर टिकला होता, तोही नाशिकला चालला होता. सर म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत खातं उघडलं नाही तर मला कुलूप लावावं लागेल. लावणार मीच, चावी माझ्याकडे असते."

माझी पहिली साक्षीदार हिराबाई, धर्मादादांची बायको. प्रतिज्ञापत्र मी तयार केलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, फोटो कसला होता. दोन, बातमी वाचून त्यांचं ट्रस्टबद्दलचं मत वाईट झालं. वाचून दाखवलं, बाई "हां, हां" म्हणाल्या, सही केली. उलटतपासणीला समोरचे वकील उठले. आमच्या बारमधले अतिशय गोड बोलणारे गृहस्थ.

"आजी, ही बातमी तुम्ही बघितलीत?"

"बगितली. पोराने दाखवली."

"ती वाचून तुम्हाला वाटलं की ट्रस्टवाले अतिरेकी आहेत?"

"मना?" हिराबाई ताठ झाल्या. "मना कशाला वाटंल? तो दारीवाला माजा नवरा हाय! त्याला धड चालवत नाय, तो काय बाम टाकनार?"

अख्खं कोर्ट हसलं. जजसाहेबही खाली बघून हसले. मी नाही हसले. समोरच्या वकिलांनी हात जोडले, "थँक यू आजी, एवढंच पाहिजे होतं."

बाहेर आल्यावर हिराबाई खुशीत. "कसा सांगतला वकिलीनबाय?"

काय सांगू त्यांना! बातमी खोटी हे त्यांनी ठणकावून सिद्ध केलं होतं. पण त्याच दमात हेही सांगितलं होतं की त्यांचं मत तसूभर बदललं नाही. मग बदनामी झाली कुणाच्या नजरेत? दुसरे साक्षीदार सेंटरचे डॉक्टर. त्यांचंही तेच. "मी तर एक सेकंद विश्वास ठेवला नाही, माय लॉर्ड." छाती पुढे काढून. अरे, मला तुमची निष्ठा नको होती, मला तुमचा अविश्वास पाहिजे होता!

चूक माझी. सगळ्या नवख्या वकिलांची होते ती, आणि मी नवखी नव्हते. आपल्या अशिलावर जीव टाकणारी माणसं साक्षीला उभी केली. जीव टाकणारा माणूस बातमीवर विश्वास ठेवेल कशाला? मला ट्रस्टला ओळखणारा पण त्याच्यावर शंका घेतलेला, वर तसं कबूल करणारा माणूस हवा होता.

मग मी आणि माझे क्लार्क बबनराव, दोघं असा माणूस शोधत कल्याण-डोंबिवली फिरलो. सेंटरला औषधं देणाऱ्या केमिस्टने बातमीनंतर उधारी बंद केली होती. त्याला विचारलं. "मी? छे हो! ते स्टॉकचा प्रॉब्लेम होता." ट्रस्टच्या जागेचा मालक, ज्याने जागा खाली करा म्हणून निरोप पाठवलेला, म्हणाला, "माझा काही विषय नाही मॅडम, मिसेस जरा घाबरली." मिसेस म्हणाल्या, "मी नाही बाई, सासूबाई." सासूबाईंना ऐकू येत नव्हतं. बँक मॅनेजरला गाठलं. "मॅडम, मी विश्वास-बिश्वास काही ठेवला नाही. मी फक्त प्रोसिजर फॉलो केली." साक्षीला येता का म्हटलं तर दोन्ही हात वर केले.

म्हणजे बघा, बातमीने ट्रस्टचं कंबरडं मोडलं, आणि ती खरी मानलेला एक माणूस अख्ख्या शहरात सापडेना. बातमी आली त्या आठवड्यात दादर-ठाण्यापर्यंत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तो फोटो फिरलेला, पण विश्वास मात्र कुणीच ठेवला नव्हता.

पुरावा बंद करायची तारीख जवळ आली. संध्याकाळी सर चेंबरमध्ये बसले होते. मी टेबलावर फाइल आपटली आणि म्हटलं, "सर, मला एक शिकलेला, प्रतिष्ठित, ट्रस्टला आधीपासून ओळखणारा माणूस द्या, ज्याने ही बातमी खरी मानली. एक! बस्स. नाहीतर आपण हरलो."

सर चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एक आहेत माझ्या माहितीत. पण त्यांना साक्षीला बोलावलं तर मला वकील राहणार नाही."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं.

"सर, तुम्हाला कसं..."

"मॅडम, मी तीन दिवस बाहेर बसलो होतो. बबनराव सांगत होते, मॅडम ठाण्याला गेल्यात. आतून तुमचा खोकला ऐकू येत होता."

आता ते तीन दिवस. बातमी मी सकाळी चहा घेताना वाचली आणि मला ती खरी वाटली. शंका आली, धक्का बसला, असलं काही लिहून मऊ करत नाही. खरी वाटली. त्याच दिवशी मी तीन गोष्टी केल्या. बबनरावांना ट्रस्टची फाइल रॅकवरून काढून खाली गठ्ठ्यात बांधायला सांगितली. सर आले तर मी नाही म्हणून सांगायला सांगितलं. आणि आमच्या शेजारच्या देशपांड्यांच्या वडिलांना मीच त्या सेंटरवर नाव घालून दिलेलं, त्यांना फोन करून म्हटलं, "तिथे नको, दुसरीकडे बघा. काय सांगता येत नाही." त्या माणसाला पुढे प्रायव्हेटमध्ये जावं लागलं. चौथ्या दिवशी सरांना आत घेतलं तेसुद्धा मत बदललं म्हणून नाही. बारमधला दुसरा कुणी वकीलपत्र घेत नाही असं कानावर आलं आणि मला माझीच लाज वाटली. कागद बघितले ते नंतर.

आमच्यात नियम असा की वकील आणि साक्षीदार एका खटल्यात एकच माणूस होऊ शकत नाही. मी वकीलपत्र मागे घेतलं. माझी ज्युनिअर प्राजक्ता, तिच्या हातात फाइल दिली. तिने ती हातात घेऊन विचारलं, "मॅडम, खरंच करताय? सगळं कल्याण ऐकेल." घरी ह्यांनी तर जेवता जेवता घास खाली ठेवला. "अगं, तुला कुणी विचारलंय का? सोसायटीत देशपांड्यांना तोंड काय दाखवणार?" मी म्हटलं, तेच तोंड, जे फोनवर चाललं होतं.

जादा साक्षीदाराच्या अर्जाला समोरच्यांनी भरपूर हरकत घेतली, पण तो मंजूर झाला. ज्या कोर्टात पस्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले त्याच कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिले. तिथून कोर्ट फार लांबलचक दिसतं. मागच्या बाकावर बारमधली निम्मी मंडळी, कोपऱ्यात देशपांडे. ते कशाला आले होते देव जाणे. फाइल, खोटा निरोप, फोन, मी सगळं सांगितलं.

उलटतपासणीत ते गोड गृहस्थ या वेळी तितके गोड नव्हते.

"मॅडम, तुम्ही वकील आहात. कुठलाही पुरावा न बघता विश्वास ठेवलात?"

"हो."

"मथळ्यात प्रश्नचिन्ह होतं. दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग? तुमच्यासारख्या अनुभवी वकिलाने ही साधी गोष्ट लक्षात घेऊ नये?"

त्यांना वाटत होतं की मी खटल्यासाठी नाटक करते आहे. मी एरवी उत्तर तयार करून ठेवलं असतं. तेव्हा जे होतं ते बोलले. "फोटोत गणपती मंडळाची पोरं असती तर मी म्हटलं असतं, वा, पूर आल्यावर काय करायचं त्याची तयारी चाललीय. तीच पोरं, तोच चिखल. पण खाली ट्रस्टचं नाव वाचलं आणि माझ्यापुरतं ते प्रश्नचिन्ह पुसलं गेलं."

कोर्टात कुणी हसलं नाही. जजसाहेब स्टेनोला म्हणाले, "हे जसंच्या तसं घ्या." स्टेनोने मला पुन्हा सांगायला लावलं, म्हणजे ते वाक्य मी दोनदा बोलले. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. बातमी खोटी, बदनामीकारक, पुन्हा छापायला मनाई, पहिल्या पानावर खुलासा. माझ्या साक्षीवर दीड पान होतं. सुशिक्षित, ट्रस्टशी चांगला परिचय असलेली व्यक्तीसुद्धा बातमीने फसली आणि तसं वागली, असं त्यात लिहिलंय. माझ्या नावाखाली आयुष्यात एवढं खरं दुसरं काही छापून आलेलं नाही.

धर्मादादा निकालाच्या महिनाभर आधी गेले. चार मशीन बंद होती म्हणून गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण त्या वर्षात त्यांची पाळी आठवड्यातून दोनदाची एकदा झाली होती, आणि ती जागा आपण दुसऱ्या कुणालातरी दिली, असं ते हिराबाईंना सांगायचे. हिराबाईंनी मला कधी बोल लावला नाही. त्याचंच मला वाईट वाटतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली त्या दिवशी सर मला म्हणाले, "बँकेत येता का बरोबर?" मी म्हटलं, मी आता तुमची वकील नाही. म्हणाले, "माहीत आहे. चला."

मॅनेजरने खुर्च्या दिल्या, नक्कल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. चांगली गोष्ट, घाबरट माणसं कागद पूर्ण वाचतात. माझ्या साक्षीच्या पानावर थांबला. ते दीड पान त्याने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्हीपण?"

"हो."

त्याने आतल्या माणसाला खातं उघडायचा फॉर्म आणायला सांगितला. फॉर्म आला, सरांपुढे ठेवला. पण त्याचं मन त्या पानातून निघेना. नकलेवर हात ठेवून जरा हळू आवाजात म्हणाला, "मग मॅडम, मी तरी काय वेगळं केलं?"

मी सरांकडे बघितलं.

सर फॉर्म भरत होते. वर न बघता म्हणाले, "त्यांनी ते पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, साहेब. सही कुठे करायची?"